एकूण एक लाकूड वाजतंय

४ मार्च

ठिणगे,

आशीर्वाद. कागद बघून दादाचं काही बरंवाईट झालं की काय म्हणून आधी घाबरली असशील. काही झालेलं नाही. तुफानच्या ट्रकमधून तुझ्या भट्टीचं लाकूड पाठवतोय आणि त्याच्याच खिशात ही चिठ्ठी. (आत्याला त्याचं नाव तुफान का ते आठवत नसेल तर सांग. बावीस वर्षांत त्याच्या ट्रकने एक सायकल मागे टाकलेली नाही.)

यापुढे असंच लिहायचं ठरवलंय. फोनवर तू निम्मं माझ्याशी बोलतेस आणि निम्मं भट्टीवरच्या माणसांवर ओरडतेस. आपण कुठल्या निम्म्यात आहोत ते मला कळत नाही. कागदावर माणूस जरा विचार करून भांडतो.

यंदाच्या लाकडाचं काय सांगू! बाबांनी शिकवलं तेच मी अजून करतो. दोन तुकडे घ्यायचे, एकमेकांवर आपटायचे, कान द्यायचा. आत पाणी असलं की भद्द आवाज येतो, वाळलेलं असलं की टणकन वाजतं. दर वर्षी शंभरात वीस तुकडे बाजूला काढावे लागतात. यंदा एकही काढला नाही. एकूण एक लाकूड वाजतंय. पस्तीस वर्षं वखारीत घालवली, असं वर्ष पाहिलं नाही.

चीड आणि बाभूळ वेगवेगळं रचलंय. चीड हलकं, राळेचं, भपकन पेटतं आणि घुमट तापवतं. बाभूळ जड. तिला वेळ लागतो, पण एकदा निखारा धरला की पाव भाजून होईपर्यंत सोडत नाही. तुला हे सगळं माहीत आहे. पण मी मोठा भाऊ आहे, सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तुझी वहिनी लेकीकडे गेलीय बाळंतपणाला. दोन महिने तरी येत नाही. घर शांत आहे. म्हणजे शांत म्हणता येणार नाही, पण ते असो.

तुझा,
दादा

---

१९ मार्च

दादा,

नमस्कार. आता विचार करून भांडते.

तू पाठवलेलं लाकूड जळत नाही. रडतं. भट्टीत टाकलं की दोन्ही टोकांना फेस येतो, सूं सूं करत बसतं, आणि ज्वाळेऐवजी पिवळट जाड धूर निघतो. पूर्वी दुपारी साडेचारला पेटवलं की सहाला भट्टी तयार असायची. आता सात वाजतात, तरी पाव वरून लाल आणि खालून पांढरा. काल एका गिऱ्हाइकाने विचारलं, पावाला धुराचा वास मुद्दाम देता का म्हणून. मी हो म्हटलं. काय करणार!

मागच्या वर्षीच्या पावसात भिजलेला ढीग चुकून भरला गेला का? की फोडायच्या आधी ओंडके सालीसकट पडून होते? साल असली की पाणी आतच कोंडून राहतं, हे तूच मला शिकवलंस. मी आठ वर्षांची होते, तू तेरा.

मला धुराचं एवढं नाही. आत्याची काळजी वाटते. तुला माहीत आहे, धुराडं तिच्या खोलीच्या भिंतीतून वर जातं. त्या भिंतीला पाठ लावून ती दिवसभर बसते, गुडघ्यांना ऊब मिळते म्हणून. खाली उतरणं तिला दोन वर्षांपासून जमत नाही. आता म्हणते, भिंतीला डांबराचा वास येतो. मी खिडकी उघडते, ती लावते. दिवसातून दहा वेळा आमचं हेच चाललेलं असतं.

आणि फोन उचल ना! चार दिवस लावतेय. एकदा उचललास आणि "हां हां, पोचलं, बरं बरं" म्हणून ठेवून दिलास. मी विचारलं होतं, वहिनी कशी आहे. काय पोचलं?

तुझी,
ठिणगी

---

२७ मार्च

ठिणगे,

तुझं पत्र वाचून रागच आला. खोटं कशाला सांगू?

लाकडाला दोष द्यायच्या आधी स्वतःच्या भट्टीकडे बघ. झडप अर्धीच उघडतेस का? एकावर एक ठासून भरतेस का? लाकूड जळतं म्हणजे नुसतं लाकूड नसतं, आत जाणारी हवाही असते. तुकड्यांमध्ये बोटभर जागा हवी. अख्खे गोल टाकलेस तर धुमसणारच, उघडी बाजू जितकी जास्त तितकं लवकर पेट घेतं. पाण्याला बाहेर पडायचं असतं ते टोकांतून, रेषांच्या वाटेने. म्हणून तर मी तुकडे हातभरच ठेवतो. हे सगळं करून वर मीच ऐकून घ्यायचं?

मी एकेक तुकडा या हातांनी आपटलाय. कुणावर सोपवलं नाही. खरं सांगू, आता आपटायचीही गरज पडत नाही. सकाळी वखारीत पाय ठेवला की आवाज सुरू. बारीक, लांब, तारेसारखा. मी ढिगाला कान लावून उभा राहतो तर ढीगच्या ढीग गातोय. तुझ्या वहिनीला हे ऐकवायचं आहे.

आत्याला सांग, डांबराचा वास तिच्या मलमाचा असेल.

दुसरी खेप तयार आहे, तुफान सोमवारी निघेल. नको असेल तर तसं स्पष्ट लिही. तुला लाकूड दुसरीकडेही मिळेल. बाबांच्या वखारीचं मात्र मिळणार नाही.

दादा

---

१० एप्रिल

दादा,

रुसू नकोस. बाबांची वखार मध्ये आणू नकोस. मी तुझ्याशी लाकडाबद्दल बोलतेय.

दुसरी खेप आली तेव्हा तिच्यातला एक बाभळीचा तुकडा मी पिठाच्या काट्यावर ठेवला. एक किलो सहाशे चाळीस ग्रॅम. मग तो भट्टीच्या माथ्यावर चार दिवस ठेवला, जिथे आपण टोस्ट सुकवतो. पाचव्या दिवशी पुन्हा काट्यावर. एक किलो ऐंशी. दादा, त्या एका तुकड्यात अर्ध्या लिटरच्या वर पाणी होतं. मी भट्टीत लाकूड टाकत नाहीये, बादल्या टाकतेय. आग आधी ते पाणी उकळणार, मग उरलंच काही तर पावाला देणार. असे सहा तुकडे केले. सहाच्या सहा तसेच.

मग दोन ओले आणि दोन सुकवलेले आपटून बघितले. ओले भद्द. सुकलेले टण. आत्याला पाठ फिरवून बसवलं आणि तिला ओळखायला लावलं. शहात्तर वर्षांची बाई, एकदाही चुकली नाही.

धुराडं साफ करणाऱ्याला बोलावलं. त्याने आत हात घालून बाहेर काढला आणि मला दाखवला. काजळी नाही, काळं चकचकीत डांबर, अंगठ्याएवढं जाड. म्हणाला, "बाई, ओल्या लाकडाचा धूर थंड असतो. वर जाता जाता भिंतीला चिकटतो. हे खरवडून निघत नाही. आणि हे जळतं, बरं का. लाकडापेक्षा जोरात जळतं." निघेल तेवढं त्याने काढलं. बजावून गेला की आता कोरडंच लाकूड लावा.

तेव्हापासून एका जागी बसवत नाही. पीठ मळताना मध्येच जिना चढून जाते, भिंतीला हात लावते, खाली येते. हाताचं पीठ भिंतीला लागून तिथे पांढरे पंजे उमटलेत. आत्या म्हणते, घरात लग्न आहे का?

एक वाटतं, लिहू की नको असं तीन दिवस चाललं होतं. तू आपटून वेगळं काढलेलं लाकूड वाजणारच. मग माझ्याकडे येतं ते कुठलं? वाटेत कोणी बदलत असेल तर? तुफान इतका सावकाश का येतो, कुठे थांबतो, कधी विचारलंस का? बावीस वर्षांचा माणूस आहे, मला लिहितानाही कसंतरी होतंय. पण डोळ्यांत तेल घालून बघ एकदा.

ठिणगी

---

१८ एप्रिल

ठिणगे,

तुझं म्हणणं बरोबर निघालं असं समजतो. मी आपटलेलं लाकूड ओलं असूच शकत नाही, मग दुसरं काय उरतं? तुफानला समोर उभा करून विचारलं. तो हातवारे करून बरंच काही सांगत होता. सारखा स्वतःच्या डोक्याकडे हात नेत होता, देवाची शपथ घेत असेल. मी ऐकून घेतलं नाही. चावी ठेव आणि जा म्हटलं. चावी ठेवून गेला.

तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. त्याने एकदाही आवाज चढवला नाही, याचा जास्त त्रास होतो.

ही खेप भाड्याच्या ट्रकने पाठवतोय. पुन्हा सगळं लाकूड मी स्वतः आपटलं, स्वतः भरलं, ताडपत्री स्वतः बांधली. यातलं एकही ओलं निघालं तर दादा म्हणू नकोस. निर्धास्त पेटव.

दादा

---

२ मे

दादा,

आत्या सुखरूप आहे. हे पहिलं वाच, मग बाकीचं.

परवा दुपारी पावणेपाचला धुराड्याने पेट घेतला. तुझ्या शब्दावर मी निर्धास्त पेटवलं होतं. माझ्याकडे काटा होता, मी तुकडा त्यावर ठेवला नाही. भावाने शपथ घेतल्यावर काय काटे लावायचे, असं वाटलं.

आधी आवाज आला. भिंतीच्या आत मोठा ट्रक चालू करून ठेवल्यासारखा. भट्टीची माणसं माझ्याकडे बघायला लागली. बाहेर जाऊन पाहिलं तर धुराड्याच्या तोंडातून पुरुषभर उंच ज्वाळा. भट्टीचं तोंड बंद केलं, झडप लावली, एकाला बंबाला फोन करायला पळवलं आणि मी जिन्याकडे धावले. तर जिन्यावरून आत्या खाली येत होती. खुर्चीसकट. मागून तुफानने धरली होती, पुढून शेजारच्या शिंप्याने.

तुफान अर्ध्या तासापूर्वीच आला होता. तुझ्याकडची नोकरी गेल्यावर बसने आला. मी त्याला दारात उभं ठेवलं होतं, दादा. आत ये म्हटलं नव्हतं. "तू काय सांगणार ते माहीत आहे," असंही त्याला म्हटलं. तो म्हणाला, मी थांबतो, तुमचं काम आटपू द्या. आणि पायरीवर बसून राहिला. बसला होता म्हणून आत्या वाचली.

खोलीची भिंत वरपासून खालपर्यंत तडकलीय. आत्याच्या कपाटाची पाठ जळून काळी झाली. ती भिंतीला टेकून बसली असती तर, यापुढे मी विचार करू शकत नाही.

बंब गेल्यावर तुफानने मला सांगितलं. जसं सांगितलं तसंच लिहिते.

"ताई, मालकांना ऐकू येत नाही. दिवाण्यासारखा हॉर्न वाजवत ट्रक मागे घेतला, ते जागचे हलले नाहीत. उडी मारून बाजूला ओढलं, तर माझ्यावरच चिडले. करवतीचं मशीन चालू असो की बंद, त्यांना फरक नाही. लाकूड आपटतात, ते भद्द वाजतं, आम्हाला सगळ्यांना ऐकू येतं. आणि ते हसतात, म्हणतात काय वाजतंय बघ! आम्ही दोनदा सांगितलं. कानाकडे बोट दाखवून सांगितलं. नंतर कोणाचा धीर झाला नाही. मालकांना काय म्हणायचं?"

तो शपथ घेत नव्हता, दादा. तुला कान दाखवत होता.

त्याच्यावर संशय मी घेतला. ते माझं पाप, ते मी फेडीन. पण आता तू मला खरं सांग. तारेसारखा बारीक आवाज, सकाळपासून सुरू, असं तूच लिहिलं होतंस. तो आवाज वखारीतून घरी गेल्यावर थांबतो का?

ठिणगी

---

११ मे

दादा,

नऊ दिवस झाले. टपालवाल्याची सायकल दिसली की मी ओल्या हातांनी बाहेर जाते. तो आता लांबूनच मान हलवतो.

मला राग आलाय म्हणून लिहीत नाहीयेस, की तुला आलाय? भट्टी बंद आहे. कामाशिवाय मला हात ठेवायचे कुठे ते कळत नाही. काल सगळे रिकामे साचे घासले, आज पुन्हा तेच घासले. आत्या खाली दुकानात झोपते आणि विचारपूस करायला येणाऱ्या गिऱ्हाइकांना आगीची गोष्ट सांगते. दर वेळी ज्वाळा वीतभर वाढते. आज देवळाच्या कळसाएवढी झाली होती.

मशीनवर एकटा उभा राहू नकोस. निदान एवढं तरी ऐक. ऐक म्हणजे वाच.

ठिणगी

---

२० मे

ठिणगे,

नाही, घरी गेल्यावर थांबत नाही. उशीत डोकं खुपसलं तरी थांबत नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी दोन ओंडके वखारीतल्या पाण्याच्या हौदात टाकले. वर दगड ठेवला. आठ दिवस रोज जाऊन बघत होतो, ते चांगले पिऊ देत म्हणून. नवव्या दिवशी काढले. पाणी गळत होतं, उचलताना कमरेत कळ आली. सगळ्या माणसांना जेवायला पाठवलं, मशीन बंद केलं आणि दोन्ही ओंडके एकमेकांवर आपटले.

टणकन वाजले. देवळातल्या घंटेसारखे वाजले.

मग मी तिथेच बसलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. माणसं जेवून आली, मी त्यांना पाहिलं तेव्हा ती माझ्या मागेच उभी होती. केव्हाची, कोणास ठाऊक!

गेल्या वर्षी दिवाणखान्यातल्या पंख्याचा आवाज येईना तेव्हा मी पंखा दुरुस्त करायला दिला होता. तो माणूस म्हणाला, यात काही बिघाड नाही. तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण वखारीत लाकूड वाजत होतं ना! म्हटलं, कान ठीक आहेत, बाकीचंच जग हळू बोलायला लागलंय. मी कान तपासला असता तर मग मी कोण? लाकूड ओळखतो म्हणून मी आहे. नाहीतर ओंडक्यांच्या ढिगाशेजारी बसलेला एक म्हातारा.

आत्या जळाली असती. हे मी रोज लिहायला बसतो आणि इथपर्यंत येऊन उठतो. आज लिहिलं.

काल तुफानच्या घरी गेलो. दारातच हात जोडले. तो काहीतरी बोलला, मला कळलं नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा कळलं नाही. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली, तर तो मला हाताला धरून अंगणात घेऊन गेला. तिथे कोणाची तरी धुळीने माखलेली गाडी उभी होती. तिच्या दारावर बोटाने लिहिलं, "उद्या किती वाजता येऊ?" ठिणगे, मी भर रस्त्यात रडलो. मोठ्याने की हळू, ते मला माहीत नाही.

आता असं ठरलंय. लाकूड तो आपटणार. मी शेजारी काटा घेऊन बसणार. प्रत्येक ढिगातले दहा तुकडे तुझ्यासारखे तोलायचे, सुकवायचे, पुन्हा तोलायचे. पाचव्या हिश्शाहून जास्त पाणी निघालं तर ढीग जाणार नाही. आज पहिल्याच दिवशी त्याने नुसतं आपटूनच तीन ढीग मागे ठेवले. तुला लाकूड पाठवतो म्हणायला मला तोंड नाही. तू म्हणालीस तर पाठवीन.

आणि एक. हे कोणालाच सांगितलेलं नाही.

एप्रिलच्या सहा तारखेला लेकीला मुलगी झाली. तुझ्या वहिनीने फोन केला, तेवढा मी उचलला. तिने फोन बाळाजवळ धरला असावा. मी थांबलो. कानात नुसती शिट्टी. मग अंदाजाने म्हटलं, "वा, काय खणखणीत रडते गं!" वहिनी पलीकडे हसली असेल किंवा म्हणाली असेल की अहो, ती आत्ता झोपलीय. मला माहीत नाही. मी फोन ठेवला. त्यानंतर तुला पत्र लिहिताना बाळाचं कळवलंही नाही, कारण लिहायला लागलो की हेच लिहिलं गेलं असतं.

येत्या रविवारी वहिनी लेकीला आणि बाळाला घेऊन येतेय. मी तिला काय सांगू? तुला शब्द चांगले सुचतात. चार ओळी लिहून पाठव, मी त्या पाठ करून म्हणेन.

दादा

---

२३ मे

दादा,

चार ओळी मी लिहून देणार नाही. तूच सांगायचं, आणि ती दारातून आत आल्या आल्या सांगायचं. चहाच्या आधी. वहिनीला अर्धं कळलेलंच असणार. तीस वर्षं तुझ्याबरोबर काढलीत तिने, तू तिला काय लाकूड समजलास?

धुराडं पाडून नवीन बांधतोय. या वेळी आत्याच्या खोलीतून नाही, बाहेरच्या भिंतीने. ती चिडलीय, गुडघ्यांचं काय म्हणून. पंधरा जूनला भट्टी पेटेल. तुझं लाकूड पाठव. चीड थोडं, बाभूळ जास्त. तोललेले आकडे कागदावर लिहून पाठव आणि मी इथे पुन्हा तोलीन. विश्वास नाही म्हणून नव्हे. आता आपण दोघंही असंच करायचं.

म्हातारा वगैरे लिहू नकोस. हातभर तुकडा, बोटभर जागा, टोकांतून निघणारं पाणी, हे तुझ्या कानात नव्हतं. मी आठ वर्षांची असल्यापासून तुझ्याकडून ऐकतेय, आणि ते सगळं खरं निघालं. फक्त एक आवाज खोटा निघाला.

मी शनिवारीच पोचतेय. कानाच्या डॉक्टरची सोमवारची वेळ घेतलीय. तो शिट्टी बंद करील असं म्हणाला नाही, यंत्र देतो म्हणाला. तू नाक मुरडणार, तेव्हा मी तिथे असणार. मी ओरडून बोलेन. रागावलेय असं समजू नकोस. थोडी रागावलेलीही असेन.

आणि रविवारी बाळाला मागून घे. ऐकू येत नाही म्हणून तू लांब उभा राहशील, तुला मी ओळखते. ती रडायला लागली की छातीशी घट्ट धर, पाठीवर हात ठेव. एवढंसं अंग असतं, रडताना सगळं हलतं. ते हाताला कळतं. नाही कळलं तर मी शेजारीच उभी असेन, ती कशी रडते ते सांगायला.

ठिणगी